जी, मुकुट, आर : शेफील्डच्या चाकूचं वय काढताना

जुना इंग्रजी घडीचा चाकू हातात आला की बहुतेक जण पात्यावरचं नाव वाचतात आणि तिथेच थांबतात. नावावरून कारखाना कळतो, साल कळत नाही. शेफील्ड या चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध इंग्लिश शहरातल्या एकेका कारखान्यानं तेच नाव आणि तीच खूण शंभर-दीडशे वर्षं ठोकली आहे. साल काढायचं तर दोन टोकं शोधावी लागतात: हा चाकू कुठल्या वर्षाच्या आधीचा असूच शकत नाही, आणि कुठल्या वर्षाच्या नंतरचा असणं शक्य नाही. या दोन टोकांमधलं अंतर जितकं कमी करता येईल तितकं करायचं. एकच नेमकं साल सांगता येतं असे चाकू थोडे.

हे काम कसं चालतं ते एका चाकूवरूनच सांगतो. मिटलेला सव्वातीन इंच, म्हणजे ८३ मिलिमीटर. दोन पाती, मूठ सांबरशिंगाची, दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूचे बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकांवरच्या धातूच्या टोप्या, आतली अस्तरं, म्हणजे मुठीखालच्या पातळ पट्ट्या, पितळेची, मुठीच्या मधोमध लंबगोल बिल्ला. मोठं पातं काळपट पडलेलं आणि घट्ट बसलेलं.

घट्ट पातं जोर लावून उघडायचं नाही. पक्कड तर लांबच ठेवायची. जुनं पोलाद कडक असतं, नखाच्या खाचेपाशी पातं तडकतं किंवा कमानीचं, म्हणजे मागच्या स्प्रिंगचं, टोक तुटतं. आणि कमान तुटली की खिळे उपटून सगळा चाकू खोलण्यावाचून इलाज नसतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पात्याच्या खिळ्यावर सोडायचे, चाकू त्या टोकावर उभा करून रात्रभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पातं किंचित हलवून पुन्हा तेल. पहिल्यांदा उघडताना गंजाचा लालसर चिखल बाहेर येतो, तो लगेच पुसून घ्यायचा, नाहीतर तोच पुन्हा सांध्यात जाऊन घासतो. पाण्यात किंवा रॉकेलमध्ये चाकू बुडवून ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो ऐकू नये. शिंग आणि हाड पाणी पितं, फुगतं, आणि वाळताना खिळ्यापासून भेग पडते.

पातं उघडलं की मुठीलगतचा जो चपटा, धार नसलेला भाग दिसतो तोच आपला दस्तऐवज. कारखान्याचा ठसा तिथे असतो. नवखा माणूस पॉलिश पेपर घेऊन तो चकचकीत करतो आणि दोन मिनिटांत शंभर वर्षांची नोंद पुसून टाकतो. मी तेलात भिजवलेली बांबूची काडी वापरतो. गंज निघतो, पोलाद निघत नाही. त्यानंतर खडूची पूड अंगठ्यानं ठशात दाबायची आणि वरची पुसून घ्यायची, म्हणजे अक्षरांच्या खोलगटीत पांढरं राहतं. खोली अंधारी करून बॅटरी जवळजवळ पात्याला टेकवून आडवी धरायची आणि दहापट भिंगातून पाहायचं. उजेड समोरून टाकला तर काहीच दिसत नाही; बाजूनं टाकला की अक्षरांच्या कडा सावली धरतात.

या चाकूवर वरून खाली असं उमटलं: जी, मुकुट, आर, त्याखाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, त्याखाली ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’, म्हणजे राजेसाहेबांचे चाकू-सुऱ्या बनवणारे. उलट्या बाजूला एक चांदणी आणि माल्टीज क्रॉस.

चांदणी आणि क्रॉस ही रॉजर्स घराण्याची खूण, १७६४ पासूनची. शेफील्डमध्ये अशा खुणा मनाला येतील तशा ठोकता येत नसत. १६२४ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्यानं हॅलमशरच्या (शेफील्डच्या परिसराच्या) कटलर्स कंपनीची, म्हणजे चाकूकारांच्या संघाची, स्थापना झाली, आणि प्रत्येक कारागिराला तिच्याकडे आपली खूण नोंदवावी लागे. म्हणून खूण ओळखली की घराणं कळतं. पण खुणा विकल्या जात, वारशानं जात, भाड्यानंही दिल्या जात. शेफील्डच्याच वोस्टनहोम या कारखान्याची प्रसिद्ध ‘आय एक्स एल’ ही खूण १७८७ मध्ये नोंदली गेली, तेव्हा ती वोस्टनहोमची नव्हती. त्यांच्याकडे ती नंतर आली. ‘विल्यम रॉजर्स’ असं नाव असलेला चाकू दिसला की लोक त्याला जोसेफ रॉजर्सच्या घरातलाच समजतात. प्रत्यक्षात तो जॉन क्लार्क अँड सनचा माल. आडनावावर विसंबून कधीही किंमत देऊ नये.

आता जी आणि आर. हे राजाच्या नावाचं आद्याक्षर आणि ‘रेक्स’चा, म्हणजे लॅटिनमधल्या ‘राजा’चा, आर; राणी असेल तर ‘रेजिना’चा. रॉजर्सना चौथ्या जॉर्जकडून १८२२ मध्ये राजघराण्याची सनद मिळाली आणि तेव्हापासून राज्यकर्त्याची अक्षरं पात्यावर येऊ लागली. डब्ल्यू आर असेल तर चौथा विल्यम, १८३० ते १८३७. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ई आर म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०; मात्र १९५२ नंतरच्या दुसऱ्या एलिझाबेथची अक्षरंही हीच. एवढं लक्षात ठेवलं तर या तिन्हींचा फारसा घोळ होत नाही. फक्त व्हिक्टोरियाचा काळ चौसष्ट वर्षांचा असल्यानं त्यात आणखी खोदावं लागतं. खरी फसगत जी आर मध्ये आहे. सनद मिळाल्यानंतरच्या काळात जॉर्ज तीन झाले: चौथा १८३० पर्यंत, पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२. ठसा तोच, अक्षरं तीच, आणि मध्ये ऐंशी वर्षांची दरी. विकणारा अर्थातच चौथा जॉर्ज सांगतो, कारण १८२५ चा चाकू आणि १९२५ चा चाकू यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हा निकाल ठसा देऊ शकत नाही. तो चाकूच्या बांधणीकडून घ्यावा लागतो.

पहिलं, बोल्स्टर. छोटं लोहचुंबक जवळ नेलं, ओढ नाही. म्हणजे लोखंड नाही. रंग चांदीसारखा, पण किंचित पिवळसर झाक, आणि चांदी जशी काळी पडते तसा काळेपणा कोपऱ्यांत नाही. हॉलमार्कही नाही. म्हणजे जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, ज्यात चांदी औषधालाही नसते. शेफील्डमध्ये हा धातू १८३० च्या दशकात वापरात आला. त्याआधीच्या सर्वसाधारण चाकूचे बोल्स्टर लोखंडाचे, आणि बहुतेकदा बोल्स्टर व अस्तर एकाच तुकड्यातून ठोकून काढलेले. कोणी नंतर बोल्स्टर बदलले असतील अशी शंका येऊ शकते, म्हणून भिंगातून बोल्स्टर आणि पितळी अस्तर यांच्या सांध्याची रेघ पाहिली. ती दोन्ही बाजूंना सारखी, खिळ्यांची डोकी घासून सपाट झालेली, कुठे नवा ओरखडा नाही. बोल्स्टर मूळचेच. चौथा जॉर्ज इथेच बाद झाला.

दुसरा पुरावा लहान पात्याच्या बुडाशी होता. गंजाखाली ‘शेफील्ड’ आणि त्याखाली अर्धवट ‘इंग्लंड’. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कर कायद्यानं १ मार्च १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव ठोकणं सक्तीचं केलं. अमेरिका ही शेफील्डची फार मोठी बाजारपेठ, त्यामुळे कारखान्यांनी ठसेच बदलले. इंग्लंड हा शब्द त्याआधी क्वचित सापडतो, पण साधारण नियम असा की तो असेल तर चाकू १८९१ नंतरचा. याचं उलट मात्र खरं नाही, आणि इथे फार लोक घसरतात. ब्रिटनमध्येच विकल्या जाणाऱ्या किंवा साम्राज्यात पाठवलेल्या मालाला ही अमेरिकी सक्ती लागू नव्हती. नुसतं ‘शेफील्ड’ लिहिलेला चाकू १९२० चाही असू शकतो. एखादा शब्द असणं हा पुरावा. नसणं हा फार तर इशारा.

म्हणजे आता पाचवा किंवा सहावा जॉर्ज, १९१० ते १९५२. पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे. यावरून काही ठरतं का? हॅरी ब्रेअर्लीनं शेफील्डमध्ये १९१३ साली स्टेनलेस पोलाद काढलं, १९१४ मध्ये मोझ्ली यांच्या कारखान्यात त्याचे पहिले चाकू झाले, मग महायुद्धात ते पोलाद विमानांच्या इंजिनांतल्या व्हॉल्व्हकडे वळवलं गेलं. त्यामुळे पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल तर चाकू १९१४ च्या आधीचा नाही, आणि खिशातल्या चाकूच्या बाबतीत बहुधा युद्धानंतरचाच. पण कार्बन पोलाद बंद झालं नाही. त्याला धार चांगली लागते म्हणून ते पुढेही दशकानुदशकं विकलं गेलं. म्हणून इथे कार्बन पोलाद काहीच सांगत नाही, आणि जे काही सांगत नाही त्याच्याकडून जबरदस्तीनं उत्तर घ्यायचं नाही.

दुसरं टोक बिल्ल्यानं दिलं. त्यावर मालकाची आद्याक्षरं आणि १९२१ असं कोरलेलं आहे. कोरीव साल म्हणजे पुरावा असं लगेच धरू नये; जुन्या चाकूवर नवीन साल कोरणं दहा मिनिटांचं काम. भिंगाखाली पाहायचं ते असं: ताज्या कोरीव रेघेच्या कडा धारदार असतात, बोट फिरवलं तर खरखर लागते, आणि भोवतालचे बारीक ओरखडे रेघेपाशी येऊन तुटतात, कारण ओरखडे आधीचे आणि रेघ नंतरची. इथे उलट होतं. रेघेच्या कडा गोल झालेल्या, आणि खिशातल्या नाण्या-किल्ल्यांचे ओरखडे तिच्या कडांवरून पुढे गेलेले. कोरीव काम बिल्ल्याइतकंच झिजलेलं. म्हणून १९२१ हे वरचं टोक मानलं. चाकू १९१० ते १९२१ च्या दरम्यानचा. चौथा जॉर्ज म्हणून विकला जाणारा ऐवज पाचव्या जॉर्जचा निघाला.

एवढं झाल्यावरही एक प्रश्न उरतोच: चाकूचे सगळे भाग एकमेकांचेच आहेत ना? पाती बदलण्याचा उद्योग जुना आहे आणि तो नेहमी फसवणुकीसाठीच होतो असं नाही. पातं मोडलं की दुरुस्तीत दुसरं बसवत. सगळ्या पात्यांचे ठसे एकाच कारखान्याचे हवेत. पाठीवरून नख फिरवलं तर पातं उघडं असताना, अर्धं असताना आणि मिटलेलं असताना कमान अस्तराच्या पातळीत असायला हवी. परक्या पात्यानं ती उघड्या स्थितीत वर येते किंवा आत बसते. मिटल्यावर पात्याचं टोक समोरच्या बोल्स्टरच्या अलीकडे दोन-तीन मिलिमीटरवर थांबलं तर पातं पूर्ण लांबीचं. सात-आठ मिलिमीटर मागे असेल तर ते घासून किंवा मोडल्यावर नवं टोक काढून आखूड झालेलं. मुठीलगत पात्याची रुंदी आणि धारेचा भाग यांत पायरी पडली असेल तर किती पोलाद दगडावर गेलं ते त्या पायरीवरूनच मोजता येतं. पात्याच्या बुडाशी खालच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, मिटताना तो कमानीवर टेकतो आणि धार वाचते. तो झिजला की धार कमानीवर आपटून मध्ये खाच पडते. अशी खाच ही झीज आहे, कारखान्याचा दोष नव्हे.

ठसा खरा की खोटा हेही बांधणीतूनच कळतं. खरा ठसा पातं कडक करण्याआधी, पोलाद मऊ असताना ठोकलेला असतो. अक्षरांचा तळ असमान, एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ. आम्लानं कोरलेल्या नकली ठशाचा तळ सपाट आणि सगळीकडे सारख्या खोलीचा. एका कारखान्याच्या चाकूंमध्ये कामाची पद्धत वेगवेगळी दिसली तर मात्र लगेच संशय घेऊ नये. शेफील्डचे ‘लिटल मेस्टर’, म्हणजे भाड्याच्या छोट्या खोलीत बसून काम करणारे स्वतंत्र कारागीर, मोठ्या कारखान्यांसाठी चाकू जोडून देत आणि ठसा कारखान्याचा पडे. त्या परंपरेतले स्टॅन शॉ २०२१ मध्ये गेले. चाकूचं सगळं काम एका माणसाच्या हातून होणं म्हणजे काय, ते त्यांच्या चाकूंची पाठ पाहिली की कळतं. कमान, अस्तर आणि पातं यांच्यामधून उजेड आरपार येत नाही.

मुठीचा पदार्थ वय सांगतो, पण सावकाशीनं. सांबरशिंग, म्हशीचं शिंग, हाड, मोतीशिंपला आणि आबनूस दोन्ही शतकांत चालले. यातलं पुष्कळसं सांबरशिंग आणि म्हशीचं शिंग हिंदुस्थानातूनच शेफील्डला जाई. सेल्युलॉइडची, म्हणजे सुरुवातीच्या प्लास्टिकची, मूठ असेल तर चाकू १८७० च्या आधीचा समजू नये. हस्तिदंत, हाड आणि सेल्युलॉइड यांत गल्लत फार होते. हाडात भिंगाखाली काळे ठिपके किंवा बारीक तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंतात त्या नसतात. लांबीच्या कापावर मंद लहरी रेघा, आणि आडवा काप दिसत असेल तिथे एकमेकींना छेदणारी जाळी. सेल्युलॉइडमध्ये रेघा असतात, पण आखल्यासारख्या समांतर, आणि अंगठ्यानं जोरात घासलं की कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहायची जी युक्ती सांगितली जाते ती करू नये. सेल्युलॉइड भडकन पेटतं, आणि हस्तिदंत असेल तर कायमचा डाग पडतो. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या चाकूंची पातीही खातं, म्हणून तसे चाकू वेगळे आणि उघड्या हवेत ठेवायचे.

भारतात हे चाकू घेणाऱ्यानं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लक्षात ठेवायलाच हवा. हस्तिदंत आणि कासवाचं कवच यांची खरेदी-विक्री निषिद्ध आहे, सांबरशिंगही त्या कायद्याच्या कक्षेत येतं. वस्तू शंभर वर्षं जुनी आहे एवढ्यानं सुटका होत नाही. ब्रिटनमध्येही जून २०२२ पासून हस्तिदंताच्या व्यवहारावर कडक कायदा लागू आहे. घरात आजोबांचा असा चाकू निघाला तर तो बाजारात नेण्याआधी माहितगार वकिलाला विचारावं.

मुंबईशी एक धागा आहे तो दुकानांच्या ठशांचा. सगळ्याच चाकूंवर कारखान्याचं नाव नसतं; मोठी दुकानं आपलं नाव ठोकून घेत. ‘आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.’ असा ठसा असेल तर ती १८७१ मध्ये स्थापन झालेली सहकारी सोसायटी. तिचं मुंबईतलं दुकान १८९१ मध्ये सुरू झालं, काळा घोड्याजवळ तिची इमारत आजही उभी आहे. अशा ठशानं खालचं टोक तरी पक्कं होतं. १८८४ पासून डिझाइनच्या नोंदणीचे क्रमांक सुरू झाले, तेही उपयोगी: १८९० च्या सुरुवातीला ते सुमारे १ लाख ४१ हजारांवर होते, १९०० च्या सुरुवातीला सुमारे ३ लाख ५१ हजारांवर. पेटंटचा क्रमांक मात्र सालाशिवाय एकटा असेल तर जपून, कारण १९१५ पर्यंत ब्रिटिश पेटंटचे आकडे दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत.

सर्वांत सोपे म्हणजे चांदीच्या पात्याचे फळं कापायचे चाकू. तिथे हॉलमार्क असतो. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग (९२.५ टक्के शुद्ध चांदी), मुकुट म्हणजे शेफील्डचं १७७३ मध्ये सुरू झालेलं परीक्षण कार्यालय, जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, आणि एक अक्षर वर्षाचं. राजा-राणीचं डोकं हा कराचा शिक्का, १७८४ ते १८९०. पण अक्षर वाचताना त्याची लिपी आणि भोवतालच्या चौकटीचा आकार दोन्ही तपासायला हवेत, कारण अक्षरं संपली की नवी फेरी सुरू होते आणि तेच अक्षर प्रत्येक फेरीत परत येतं. शेफील्डमध्ये नव्या फेऱ्या १८२४, १८४४, १८६८, १८९३ आणि १९१८ ला सुरू झाल्या. डोकं नाही आणि अक्षर १८६८ च्या फेरीतलं वाटतंय अशी विसंगती आली तर आधी पुढच्या फेरीची लिपी ताडून पाहायची.

लष्करी चाकूंवर सरकारी मालाचा रुंद बाण असतो, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या चाकूंवर साल सरळ ठोकलेलं सापडतं. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो माल सरकारनं विकून टाकलेला. ज्या कारखान्यांच्या नावांना कसलीच प्रसिद्धी नाही त्यांच्यासाठी शेफील्डच्या जुन्या व्यापारी निर्देशिका उघडायच्या. नाव आणि पत्ता दोन्ही जुळले की एखाद्या अनोळखी कारागिराचाही काळ बऱ्यापैकी आवळता येतो. नावामागे ‘लिमिटेड’ लागलं का तेही पाहायचं: रॉजर्स १८७१ मध्ये लिमिटेड झाले, वोस्टनहोम १८७५ मध्ये. पात्यावर मात्र तो शब्द दर वेळी ठोकला जातच होता असं नाही, त्यामुळे इथेही तोच नियम: असेल तर धरायचा, नसेल तर सोडायचा.

रॉजर्सच्या त्या चाकूच्या नोंदीत मी ठशाची तिन्ही छायाचित्रं, मिटलेली लांबी, दोन्ही पात्यांची लांबी, चुंबकाचा निकाल आणि बिल्ल्याचं मोठं केलेलं चित्र ठेवलं आहे, आणि ‘१९१०–१९२१’ च्या पुढे दोन्ही टोकांची कारणं लिहिली आहेत. पाचव्या जॉर्जच्या काळातल्या रॉजर्सच्या छापील सूचिपत्रात हाच नमुना नमुना-क्रमांकासह सापडला, तर त्या सूचिपत्राचं सालही या नोंदीत जोडता येईल.